लाल रेघेपलीकडच्या दाढा

त्या रविवारी दुपारी कामाच्या टेबलावर बाबांचा जबडा ठेवला होता आणि त्याच्याभोवती सगळं घर बसलं होतं.

जबडा प्लास्टरचा. वरचा, पांढराफेक, टाळूच्या वळ्यांसकट. शुक्रवारी हॉस्पिटलात त्याचा ठसा घेतला तेव्हा, तोंड ठशाच्या मसाल्यानं गच्च भरलेलं असताना, बाबांनी तिथल्या शिकाऊ मुलीला मसाला किती घट्ट कालवायचा ते हातवारे करून शिकवलं होतं. ठसा घरी आणून साचा मात्र त्यांनी स्वतः ओतला. तीन पिढ्या कवळ्या करणारं घर ते. वरच्या मजल्यावर संसार आणि खालच्या मजल्यावर दात. आत्या लग्न होऊन चार रस्ते पलीकडे गेली होती, तरी समोरून येणारा कुणी तोंडभर हसला की अजून हळूच म्हणायची, हा आपला.

त्या पांढऱ्या साच्यावर सर्जनबाईंनी लाल पेन्सिलीनं एक रेघ आखून दिली होती. ती पुढच्या दातांच्या डावीकडून निघून टाळूच्या मधोमध सरळ मागे गेली होती. रेघेपलीकडचं सगळं मंगळवारी जाणार होतं: सुळा, दोन उपदाढा, दोन दाढा, त्यांची हिरडी आणि अर्धी टाळू. तिथे तोंडातून थेट नाकात उघडणारं भोक पडणार होतं. मग पाणी प्यायलं तर नाकातून येईल आणि बोललं तर नुसता वारा. म्हणून ऑपरेशन चालू असतानाच ते भोक झाकणारी प्लेट बसवायची, आणि ती आधीच तयार हवी. करायची रीत अशी, की साच्यावरचा रेघेपलीकडचा भाग आधी आपण कापून टाकायचा आणि मग उरलेल्यावर प्लेट घडवायची. सर्जनबाई म्हणाल्या होत्या, तुमचं घरचंच काम आहे, सोमवारी चारच्या आत आणून द्या; नको वाटत असेल तर आमचा माणूस करील.

खारूला ते नको वाटत नव्हतं, आणि ह्याचीच तिला थोडी लाज वाटत होती. खारू म्हणजे बाबांची एकुलती एक. दातांच्या घरात जन्मूनही हिचे पुढचे दोन दात खारीसारखे, म्हणून खारू. वय एकोणीस. बाबांशेजारच्या स्टुलावर बसून तिला दोन वर्षं झाली होती. त्या कारखान्यात पास झालेली कवळी पाण्याच्या पेल्यात घालून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली जायची, आणि तिथे काय जाणार ते फक्त बाबा ठरवायचे. नापास काम टेबलावरच राहायचं, पेन्सिलीचा ठिपका लावून. दोन वर्षांत खारूचं एकटीचं असं काहीही त्या कट्ट्यावर गेलं नव्हतं. ठिपके मात्र तिनं इतके पाहिले होते की मोजायचंच सोडून दिलं होतं.

काकांचं म्हणणं ठाम होतं. हॉस्पिटलच्या माणसाला द्या. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. दात निवडण्यात आणि बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे ते स्वतःही अधूनमधून सांगायचे. आज मात्र ते साच्याकडे बघतच नव्हते. आत्या त्यांच्या बाजूनं. भावाच्या तोंडावर भावानं करवत चालवायची, हे तिला ऐकवतही नव्हतं. शिवाय काही चुकलं तर जन्मभर एकमेकांच्या तोंडाकडे बघता येणार नाही, असं ती म्हणाली, आणि ते सगळ्यांनाच पटल्यासारखं झालं.

राहिली आई. बाबांच्या डाव्या गालातली तंबाखू ही तिची पंचवीस वर्षांची लढाई. तिनं पुड्या फेकल्या होत्या, अबोले धरले होते, एकदा तर तंबाखूच्या डबीत प्लास्टरची पावडर भरून ठेवली होती. दुसऱ्यांच्या कवळीतला केसाएवढा फरक पकडणारा हा माणूस स्वतःच्या हिरडीवरची जखम दोन महिने गरम चहाच्या नावावर खपवत राहिला, तेव्हा त्याला ओढत डॉक्टरकडे नेणारीही तीच. तंबाखू सुटून आता चार आठवडे झाले होते. जिंकल्याचा आनंद कुणाला दाखवावा, हे तिला कळत नव्हतं.

"करवत मंगळवारी चालणारच आहे," आई म्हणाली. "आजची नुसती प्लास्टरवर चालतेय. तिला काय घाबरता?"

आत्यानं आईकडे पाहिलं. ह्या दोघींचं पटतं असा संशय घरात आजवर कुणालाही आला नव्हता. पण आत्यानं खुर्ची थोडी सरकवली, आईच्या बाजूला, आणि काकांना म्हणाली, वहिनी म्हणते तेही खरंच आहे. काका एकटे पडले.

तेवढ्यात जिन्यावर सपाता वाजल्या आणि बाबा खाली आले. झोपा म्हणून वर पाठवलं होतं त्यांना, पण लाकडी तक्तपोशीतून वर सगळं ऐकू जातं हे ज्यांचं घर त्यांना ठाऊक असणारच. त्यांनी साचा उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, कुठे बुडबुडा आलेला नाही ह्याची खात्री केली आणि स्वतःवरच खूश झाले.

"बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. "माझ्या तोंडात दुसऱ्याच्या हातची कवळी घालून मी ह्या दुकानात बसू कसा? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

मग त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला, आणि सगळ्यांना कळलं की आता थेंब न्यायला लावणार.

ही आजोबांच्या वेळची पद्धत. अवघड काम आलं की ते कुणी करायचं हे वयावर ठरत नसे. गुलाबी मेणाचा एक थेंब सपाट सळईच्या टोकावर तापवून घ्यायचा आणि दिव्यापासून खिडकीच्या कट्ट्यापर्यंत, नऊ पावलं, न सांडता न्यायचा. ज्याचा पोचेल त्याचं काम. आजोबा स्वतःही दर वेळी न्यायचे, आणि ज्या दिवशी त्यांचा सांडला त्या दिवशी त्यांनी अ‍ॅप्रन काढून ठेवला.

आधी काका उठले. आयुष्यात त्यांनी हा थेंब पन्नासदा तरी नेला असेल. पाचव्या पावलाला तो त्यांच्याच चपलेवर पडला. पंखा चालू होता, असं ते म्हणाले. आत्यानं पंखा बंद केला. दुसऱ्यांदा तो तिसऱ्याच पावलाला पडला. काका वाकून फरशीवरचं मेण नखानं खरवडत बसले, लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

मग खारू उठली. थेंबाकडे बघायचं नसतं, कट्ट्याकडे बघायचं असतं, हे तिला बाबांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तिनं कट्ट्याकडे पाहिलं. तिथे एका म्हाताऱ्या शिक्षिकेची कवळी पेल्यात बसून सगळ्या घराकडे बघून हसत होती. खारूला वाटलं, हिच्याशेजारी माझं काम बसलं पाहिजे, आज ना उद्या बसलंच पाहिजे. आणि हे वाटेपर्यंत ती पोचलीसुद्धा. थेंब टोकावर तसाच होता, गोल, चकाकता.

बाबांनी करवत तिच्यापुढे सरकवली. मग भावाकडे न बघता म्हणाले, "दात तू लाव. सुळा तुझ्याइतका कुणाला जमत नाही."

काकांनी नाक पुसलं आणि दातांची खोकी काढायला लागले. बाबा वर निघाले. थांबा की, असं आत्या म्हणाली, तर ते म्हणाले, "माझा जबडा मला बघवतो. तुमची तोंडं नाही बघवत."

प्लास्टर कापताना आवाज फार होत नाही, पण त्या दुपारी तेवढाच होता. खारूनं रेघेवर करवत धरली. सुळ्याच्या टोकाला एक टवका होता. तार दातानं तोडायची सवय, आजोबांच्या शिव्या खाऊनही न सुटलेली. शेवटची दाढ एका बाजूनं झिजलेली. बाबा विचार करताना तीच दाढ चावतात, हे तिला आजच कळलं. तिचा हात कुठेही थांबला नाही. थांबला असता तर तिनं स्वतःला माफ केलं नसतं. तुकडा सुटून टेबलावर पडला तेव्हा आईनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि रोजच्या भुश्शाच्या डब्यात टाकला. मग तिनं सगळ्यांना चहा केला.

पुढचं काम चांगलं झालं. फारच चांगलं झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. उरलेल्या दातांना धरून ठेवणाऱ्या तारा खारूनं वाकवल्या, मेणात टाळू घडवली. काकांनी सुळा बसवला, आणि टवक्यासकट बसवला. नव्या दाताला कानशीनं हळूच टवका काढला, म्हणाले, नाहीतर दादाचा वाटणार नाही. मग दोन उपदाढा. सर्जनबाईंच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, पुढून दिसणारे तीन दात चालतील, मागच्या दाढा लावू नयेत. तीन दात लागले. त्यांच्यामागे प्लेट नुसतीच सपाट पसरली होती, दात न आलेल्या बाळाच्या हिरडीसारखी.

खारू आणि काका त्या प्लेटकडे बघत राहिले.

"एवढं बोडकं काम ह्या घरातून आजवर गेलेलं नाही," काका म्हणाले.

खारूनं चिठ्ठी पुन्हा वाचली. काकांनी मेणाचा डबा उचलला आणि अगदी सहज चिठ्ठीवर ठेवला. खारूनं तो डबा हलवला नाही. उलट दाढांचं खोकं तिनंच पुढे ओढलं, झिजलेल्या दाढेशी जुळणारी दाढ शोधायला तिला तासभर लागला, आणि ती सापडली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बघून असे दात काढले की जिन्यावरून आईनं विचारलं, काय चाललंय. काही नाही, असं दोघं एका सुरात म्हणाले.

सोमवारी दुपारी, मेणाच्या जागी प्लास्टिक भरून, साचा उकळून, फोडून, घासून प्लेट हातात आली. काचेसारखी पारदर्शक, कारण खालची जखम डॉक्टरांना दिसायला हवी. दोघं ती डबीत घालून हॉस्पिटलात घेऊन गेले. वाटेत काकांनी डबी दोनदा उघडून पाहिली. सर्जनबाईंनी ती हातमोज्यावर ठेवली, खिडकीकडे धरली आणि म्हणाल्या, एवढं नीटनेटकं काम त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. काकांची छाती फुगली. खारूची त्याहून जास्त.

मग बाईंनी प्लेट उलटी केली.

"ह्या दाढा कशासाठी?"

"शोभेसाठी," काका म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं. मागे दाढ असली की खालचा दात तिच्यावर आपटतो. आपटला की प्लेट डुलते, डुलली की जखमेला लागते, तारा सुटतात, आणि मग नाकातोंडाची वाट उघडी ती उघडीच. जखम भरली की पुढे दुसरी प्लेट होईल, पुढे दाढासुद्धा येतील. "उद्या मला दात नकोत," त्या म्हणाल्या. "छप्पर हवंय. चारपर्यंत थांबते."

दोन वाजून गेले होते. दोघं लगेच परत निघाले. डबी खारूच्या मांडीवर होती आणि तिला वाटत होतं, ती आपल्याकडे बघतेय. चिठ्ठी तिनं वाचली होती. काकांनी डबा ठेवला खरा, पण तो उचलायला तिचे हात कुणी बांधले नव्हते. बाबांचं पाणी नाकातून आलं असतं, बाबांचा आवाज गेला असता, आणि तेही दोन सुंदर दाढांपायी. तिनं डबी उघडली आणि एक दाढ नखानं ओढून पाहिली.

काकांच्या ते लक्षात आलं. दुकानात शिरताच त्यांनी अ‍ॅप्रन चढवला, घासायचं यंत्र चालू केलं आणि प्लेट तिच्या हातातून घेतली. "लावल्या मी, घासतोही मीच," ते म्हणाले. "तू दिवा धर."

खारू म्हणाली, दोन्हीतली एक तिची होती. मग काकांनी एक घासली आणि एक तिला दिली. दिवा आईनं धरला. दाढांची पांढरी भुकटी उडून सगळ्यांच्या भुवयांवर बसली. घासून, गुळगुळीत करून प्लेट जेव्हा पुन्हा उजेडाकडे धरली, तेव्हा दाढा होत्या तिथे दोन फिकट गोल तेवढे उरले होते, नीट पाहिलं तरच दिसतील असे. चारला दहा कमी असताना डबी सर्जनबाईंच्या हातात पडली.

ऑपरेशन सहा तास चाललं. त्या सहा तासांत आत्यानं आणि आईनं मिळून बाकड्यावर बसल्या बसल्या सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढून संपवली, आणि संपल्यावर एकमेकींचा हात धरून बसल्या. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, रेघेवर कापलंय, प्लेट बसलीये, कुठेही घासावी लागली नाही.

नंतरचा आठवडा पाटीचा. बाबांच्या नाकातून नळी, डावा गाल सुजून टम्म, बोलायला बंदी. खारूनं शाळेतली जुनी पाटी आणून दिली होती. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, "दुखतंय". तिसऱ्या दिवशी लिहिलं, "शेजारच्या आजोबांची कवळी सैल आहे. दुकानाचा पत्ता द्या." आईनं ती पाटी सगळ्या वॉर्डाला दाखवली, सोन्याचं पदक असल्यासारखी. पुढे सहा आठवडे रेडिएशन घ्यायचं होतं, आणि तोंड आवळून जाऊ नये म्हणून दातांमध्ये आइसक्रीमच्या काड्या एकावर एक रचून रोज जबडा उघडायचा होता. सुरुवातीला सहा काड्या गेल्या. आई त्या मोठ्यानं मोजायची, आणि सातवी गेली त्या दिवशी तिनं आत्याला फोन करून सांगितलं.

आठव्या दिवशी सकाळी सर्जनबाई प्लेट काढायला आल्या. आत दोघांनाच परवानगी होती, आई आणि खारू. काका आणि आत्या दारात उभे राहिले आणि नर्सनं तिकडे पाठ केली. बाईंनी तारा सोडवून प्लेट बाहेर काढली, जखम स्वच्छ केली. बाबांनी तेवढ्यात काहीतरी विचारलं.

ते शब्द नव्हतेच. नाकातून निघालेला पोकळ, ओला वारा होता, आणि त्यात कुठेतरी बाबा होते. आईनं पलंगाची कड घट्ट धरली. दारातून आत्याचा हुंदका ऐकू आला. बाबांनी स्वतःही तो आवाज ऐकला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. खारूला एवढंच कळलं की आता सगळं तिच्या त्या बोटभर छपरावर आहे.

बाबांनी हात पुढे केला. बाईंनी धुतलेली प्लेट त्यांच्या तळव्यावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, दुकानात धरत तशीच, एक डोळा बारीक करून. सुळ्याच्या टवक्यावर बोट फिरवलं. मग प्लेट तिरकी केली आणि मागच्या बाजूला कितीतरी वेळ बघत राहिले. खारू श्वास रोखून ठिपक्याची वाट बघत होती. नशीब, इथे पेन्सिल नव्हती.

बाईंनी प्लेट परत बसवली. बाबांनी ओठ मिटले, आवंढा गिळला आणि ते घोटभर पाणी प्यायले. सगळ्यांनी त्यांच्या नाकाकडे पाहिलं. एक थेंबही आला नाही. मग ते दाराकडे वळले.

"दाढा कुणी लावल्या होत्या?"

थोडं जड, थोडं चावून चावून, पण अक्षर न् अक्षर बाबांचं. दारात काकांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. खारूनंही केला. बाबांना हे कळलं कसं, ते आईला आधी उमगलं नाही, मग ते दोन फिकट गोल आठवले, आणि ती हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. सर्जनबाईही हसत होत्या. बाबांना हसताना दुखत होतं, म्हणून ते उजव्याच बाजूनं हसले, आणि डावीकडचा टवक्याचा सुळा जरासा दिसला. अगदी त्यांचाच वाटत होता.

संध्याकाळी तोंड धुवायच्या वेळी प्लेट पुन्हा काढली. नर्सनं ती पाण्याच्या पेल्यात घातली आणि औषधांच्या बाटल्यांशेजारी टेबलावर ठेवली. बाबांनी मान हलवली. नर्सनं पेला थोडा जवळ सरकवला. बाबांनी पुन्हा मान हलवली आणि बोट दाखवलं. औषध हवंय का, पाटी हवीये का, तिनं विचारलं. बोट हटेना.

खारूनं त्या बोटाच्या रोखानं पाहिलं. मग तिनं टेबलावरचा पेला दोन्ही हातांत उचलला. पलंगापासून चार पावलं होती. पेल्याकडे न बघता ती चालत गेली आणि तिनं तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.